दोन माणसांचा तंबू

या वेळी कोणाला कानोकान खबर लागणार नाही, असं उर्वशी आठवडाभर खुशालला सांगत होती. बेत पक्का होता. तंबू तिनं माहेरच्या पत्त्यावर मागवला होता, म्हणजे सासरी कोणी खोकं फोडून पाहायला नको. जागाही हेरून ठेवली होती. चंद्रपूर जिल्ह्यात वाघ फिरकत नाही असा तलाव शोधायचा, हे काही खायचं काम नाही. पण सावलीच्या पुढं, एका गावाला अगदी लागून, मासोळ्यांचा एक तलाव तिनं शोधून काढलाच. टेकडी ओलांडून पायी जायचं, तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, तंबू ठोकायचा आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नवराबायकोनं नुसतं बसून राहायचं. यात बिघडण्यासारखं आहेच काय, असा तिचा सवाल होता.

आता एवढी चोरी कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण तुम्ही वडशातलं त्यांचं घर पाहिलेलं नाही. खुशालच्या बापाचं बियाण्यांचं दुकान, आणि बापूजींना नाटकाचा भारी नाद. दिवाळी झाली की झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या भागात, नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि गावोगावचे लोक नाटक ठरवायला वडशातल्या नाटक कंपन्यांकडे येतात. त्यातले निम्मे यांच्याकडे मुक्कामाला. घरात सासू-सासरे, मोठे दीर, जाऊ आणि त्यांची पोरं होतीच. पाहुण्यांना खोली लागते, आणि घरात जी एक बरी खोली होती ती उर्वशी-खुशालची. दिवाळीपासून ती पाहुण्यांची झाली. उर्वशी पोरांच्या गर्दीत झोपायची आणि खुशाल दुकानात पोत्यांवर. नवऱ्याशी दोन शब्द बोलायचे तर फोन लावावा लागे, आणि खुशालचा फोन बहुतेक वेळा पुतण्याच्या हातात गेम खेळत असे.

बाहेर पडायचा प्रयत्न आधी झाला नव्हता असं नाही. एकदा दोघं टेकडी चढायला निघाले, तर दारात चपला घालेपर्यंत जाऊ तिन्ही पोरं आणि डबाभर चिवडा घेऊन तयार. एकदा मार्कंड्याला नदीकाठी जाऊन येतो म्हणाले, तर सासूबाईंनी भजनी मंडळातल्या बाया गोळा केल्या, आणि उर्वशी दिवसभर त्यांच्या पिशव्या सांभाळत बसली. म्हणून या खेपेला तिनं सरळ थाप मारली. गोंडपिपरीला खुशालच्या मित्राची वास्तुपूजा आहे, जोडीनं बोलावलंय, मुक्काम पडेल.

थाप पचली. जरा जास्तच पचली. निघायच्या वेळी कमळाबाई, म्हणजे उर्वशीच्या सासूबाई, आतून स्टीलचा नवाकोरा गंज घेऊन आल्या. गंज म्हणजे पातेलंच, पण हा अख्ख्या पंगतीचा भात शिजेल एवढा होता. त्यात त्यांनी घरचा तांदूळ भरला आणि वरून नवी चादर बांधली.

"नव्या घरी रिकाम्या हातानं जाऊ नाई," त्या म्हणाल्या. "मित्राच्या बायकोच्या हातात देजो. मोठ्यानं नाव सांगजो माह्यं."

नाही कसं म्हणणार? वास्तुपूजा स्वतःच काढलेली. वाटेत उर्वशीच्या माहेरून तंबू आणि बाकीचं सामान उचललं. एसटीत गंज मांडीवर, ऑटोत गंज मांडीवर, आणि फाट्यावर उतरून टेकडीची वाट धरल्यावर गंज खुशालच्या डोक्यावर. पाठीवर तंबू आणि अंथरूण, हातात पाण्याचा कॅन. उर्वशीच्या पाठीवर स्टोव्ह, डबे आणि गोधडीचं बोचकं. तिनं पाहिलेल्या व्हिडिओत लोक असे दिसत नव्हते.

"हे इथंच झुडपात ठेवून देऊ," खुशाल म्हणाला.

"तुमच्या आईचा गंज हाय. गेला तर मी काय सांगू त्याइले? चाला गपचूप."

टेकडी उतरून दोघं गावाच्या कडेनं तलावाकडे निघाले, तेव्हा समोरून गावातली गोकुळाबाई येत होती. तलावावरून मासोळ्यांची टोपली घेऊन ती घरी चालली होती. या दोघांना पाहून ती थांबली. टोपली खाली ठेवून आधी तिनं गंजाकडे पाहिलं, मग बोचक्याकडे.

"कोणाच्या घरी आले वो बाई?"

"कोणाच्याच नाई," उर्वशी हसून म्हणाली.

गोकुळाबाईच्या उभ्या आयुष्यात कोणाच्याच घरी न आलेला माणूस तिनं पाहिला नव्हता.

"मंग कुठी जाऊन राह्यले?"

"तलावावर. तिथंच राहणार हाओत."

"तुम्हाले घरदार नाई का?"

"हाय ना. घर हाय, सासू-सासरे हायेत, सारेच हायेत. म्हणून तर निघालो."

उर्वशीनं हे इतक्या आनंदात सांगितलं, की गोकुळाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं टोपलीतल्या चार मासोळ्या पळसाच्या पानात गुंडाळून उर्वशीच्या हातात दिल्या. लोक किती चांगले असतात, असं म्हणत उर्वशी पुढं निघाली.

पुढचा तासभर, खरं सांगायचं तर, सुखाचा गेला. खुशालनं तंबू दोनदा उलटा उभा केला आणि तिसऱ्यांदा सुलटा. केशरी रंगाचा, दोन माणसं जेमतेम मावतील एवढा. समोर पाणी, त्यावर बदकं, आणि हाक मारायला कोणी नाही. उर्वशी पाय पसरून बसली. "आता सांगा," ती म्हणाली, "कधीचं बोलायचं बोलायचं म्हणून राह्यले होते ना?" खुशालनं घसा खाकरला, आणि पाळीवरून माणसं येताना दिसली.

पुढं मनसारामभाऊ होते, मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष. मागं गोकुळाबाई, तिच्या मागं बाया, आणि चार-पाच बाप्ये बांबू घेऊन. मनसारामभाऊंनी तंबूला एक फेरी मारली, कापड चिमटीत धरून पाहिलं आणि खुशालच्या खांद्यावर हात ठेवला.

"हिस्स्यात एवढंच भेटलं का गा भाऊ?"

खुशाल भोळा माणूस. त्याला वाटलं, सामानाबद्दल विचारतायत. "आम्हीच एवढं घेतलं, भाऊ. जास्त घेऊन काय करता? डोक्यावर तर वागवा लागते."

बाप्ये एकमेकांकडे पाहू लागले. भावाला सारं सोडून एक गंज आणि एक चादर घेऊन वेगळा निघालेला पोरगा आजकाल कुठं पाहायला मिळतो? मनसारामभाऊंचा आवाज जड झाला. "पण कापडात राहून कसं जमन? थंडीचे दिवस हायेत. आम्ही मरून गेलो का?"

आता उर्वशीच्या ध्यानात आलं. आपल्याकडं घरातून वेगळं निघणारं जोडपं नेमकं असंच निघतं: एक गंज, थोडा तांदूळ, एक अंथरूण. ती ताडकन उठली. "नाई नाई भाऊ, तसं काहीच नाई. आम्ही फिराले आलो."

"हाव बाई, हाव," मनसारामभाऊ समजुतीनं म्हणाले.

"खरंच फिराले आलो. लोकं असेच फिरतेत आता. थांबा, व्हिडिओ दाखवतो."

नेटवर्क नव्हतं. फोनवर ते एक चाक गोल गोल फिरत राहिलं आणि सगळा गाव मान खाली घालून बिचारीची अब्रू जपत उभा राहिला. "फिराले कोणी तांदूळ घेऊन येते का?" एक बाई हळूच म्हणाली. दुसरी म्हणाली, "झाकून राह्यली गरीब. चांगल्या घरची दिसते." आणि कामाला सुरुवात झाली. बांबू रोवले, वर छपराला भाताच्या पेंढ्याची तणस पडली. गोकुळाबाईनं तीन दगडांची चूल मांडली आणि कोणी शेणाची बादली आणून तंबूपुढची जागा सारवायला घेतली. एका बाईनं पायाला दोरी बांधलेली कोंबडी खुंटीला अडकवली. "अंड्याची हाय," ती उर्वशीच्या कानात म्हणाली, "कापू नोको." उर्वशी सगळ्यांना हात जोडत होती, आणि तिनं हात जोडले की लोकांना आणखी गहिवर येत होता.

तेवढ्यात मनसारामभाऊंनी खुशालला सहज त्याच्या बापाचं नाव विचारलं, आणि खुशालनं सहज सांगितलं. उर्वशीला तिथंच कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. वडशातल्या त्या दुकानाचं कॅलेंडर मनसारामभाऊंच्या भिंतीला टांगलेलं होतं, आणि त्याच्यावर फोन नंबर भला ठळक छापलेला होता.

मनसारामभाऊंनी घरी जाऊन तो नंबर लावला, आणि दिवस बुडायच्या आत पाळीवर टेम्पो येऊन थांबला. त्यातून बापूजी उतरले, मोठे दीर उतरले, जाऊ आणि पोरं उतरली, आणि नाटक ठरवायला आलेले दोन पाहुणेसुद्धा उतरले. त्यांचं इथं काय काम, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. सर्वांत शेवटी कमळाबाई. त्यांची नजर सारवलेल्या अंगणावरून चुलीकडे गेली. चुलीवर त्यांचाच गंज होता.

"मी हा वास्तुपूजेले देल्ला होता," त्या म्हणाल्या. बस, एवढंच. आरडाओरडा केला असता तर उर्वशीला बरं वाटलं असतं.

मनसारामभाऊंनी सगळ्यांना पाळीवरच्या आंब्याखाली बसवलं. बैठक म्हटली की पहिला बोलण्याचा मान पोराला. खुशाल उभा राहिला. "बापूजी, आम्ही वेगळे नाई निघालो. फक्त उद्या दुपारपर्यंत निघालो."

"आज उद्या दुपारपर्यंत," मोठे दीर म्हणाले, "आन मंग परवा?"

"आमचं काय चुकलं ते सांग," बापूजी म्हणाले. "चार लोकांत माह्यं नाक कापलं. उद्या अख्खी वडसा म्हणन, धाकटी सून आली आन घर फुटलं."

जाऊ रडायला लागली. पाहुण्यांपैकी एकानं तिला धीर दिला. घर फोडणारी सून, हा शिक्का एकदा बसला की मसणात जाईपर्यंत पुसला जात नाही, हे उर्वशीला पक्कं ठाऊक होतं. खुशाल पुन्हा काही बोलायला तोंड उघडत होता. त्यानं आणखी बिघडवायच्या आत ती उभी राहिली.

"मी खोटं बोलली," ती म्हणाली. "वास्तुपूजा नव्हतीच. वेगळंही नाई निघायचं मले. दिवाळीपासून माह्या खोलीत मी झोपली नाई. हे दुकानात झोपतेत, मी पोराइत झोपतो. सकाळपासून उर्वशी इकडे, उर्वशी तिकडे. मले एक दिवस यायच्यासंग बसायचं होतं, आन त्या दिवशी कोणी माह्यं नाव घेऊन हाक मारू नाई, एवढंच पाह्यजे होतं. दुसरं काही नाई. गंज मी झुडपात टाकू देल्ला नाई, एवढं तरी पाहा."

पाहुणे आपल्या चपला न्याहाळू लागले. बापूजींनी टोपी काढून पुन्हा घातली. मनसारामभाऊंनी सारवलेल्या अंगणाकडे, बांबूंकडे, कोंबडीकडे पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे तुम्ही खरंच फिराले आले होते का वो बाई?"

"मघापासून तेच तर सांगून राह्यली, भाऊ."

निवाडा कोणाला सुचेना. तेवढ्यात कमळाबाई उठल्या आणि तंबूपाशी गेल्या. वाकून आत पाहिलं.

"याच्यात दोघंच मावते?"

"हो आई."

"आन हे असं बंद होते?"

"ही चेन वढली की होते."

"बाहेरचा माणूस दिसत नाई मंग?"

"नाई दिसत."

कमळाबाईंनी चपला काढल्या, पदर खोचला आणि हातावर रांगत आत गेल्या. चेन लागल्याचा आवाज आला. लोकांना वाटलं, सासू आहे, तपासणी करते आहे. सगळे थांबले. खूप वेळ झाला.

"अवो," बापूजींनी हाक मारली, "निघ ना. अंधार होते."

आतून काही नाही.

"माह्या रातच्या गोळ्या कुठी ठेवल्या?"

काही नाही. मोठ्या दिरांनी विचारलं, सकाळी टिफिनला काय करायचं. पोरांनी विचारलं, आजी काय करतेस. मनसारामभाऊंनी हळूच विचारलं, बाईची तब्येत बरी आहे ना. उर्वशीनं घाबरून तंबूला कान लावला. आत कमळाबाई कुशीवर वळल्याचा आवाज आला आणि मग एक मोठा, लांबलचक सुस्कारा. या बाईला या घरात कधी एकटं बसलेलं आपण पाहिलंच नाही, हे उर्वशीला त्या वेळी उमगलं, आणि तिचा सगळा राग कुठल्या कुठं गेला. थोडासा राहिला. तंबू शेवटी तिचा होता.

मग काय करणार? कोणी हलेना म्हणून तिनं चुलीला जाळ घातला आणि घरच्यांना, पाहुण्यांना, अख्ख्या मच्छीमार सोसायटीला चहा ठेवला. खुशाल कप विसळू लागला. त्या पहिल्या तासाभरानंतर नवराबायको एकमेकांजवळ बसले ते तेवढेच, धुरात. पहिला कप घेऊन ती तंबूपाशी गेली.

"आई, चहा आणला."

"बाहेरच ठेव," आतून आवाज आला. "आन चेनले हात लावू नोको."