नन्नासाहेबांचा होकार

"दुखतंय का?" दंतवैद्यांनी विचारलं.

साहेबांना 'नाही' म्हणायचं होतं. नाही म्हणण्यात त्यांचा हात धरणारं शहरात दुसरं कोणी नव्हतं. पण खालचा ओठ, अर्धी जीभ आणि डावा गाल बधिर झालेला, वर तोंडात कापसाचा बोळा. त्या गर्दीत 'नाही'मधला 'न' आतच कुठेतरी अडकला आणि बाहेर पडलं ते "आही."

"आहे? अजून दुखतंय?" दंतवैद्य हळहळले. "थांबा, आणखी एक इंजेक्शन देतो."

"आही! आही!" साहेब खुर्चीत ताठ झाले.

"हो हो, कळलं. देतोय ना."

दंतवैद्य मायाळू होते. साहेब जितकं नको म्हणत होते तितकं ते आणखी देत होते. अखेर अक्कलदाढ निघाली तेव्हा साहेबांना आपल्या चेहऱ्याची डावी बाजू अजून आपलीच आहे का, हे हात लावून बघावं लागलं.

"आज बोलू नका, मान जोरात हलवू नका, रक्त वाहील," दंतवैद्य हात धुताधुता म्हणाले. "घरी जाऊन झोपा."

साहेबांना झोपणं शक्य नव्हतं. तो नकाराचा दिवस होता.

साहेब एका धर्मादाय प्रतिष्ठानात विवेकाधीन अनुदान विभागाचे प्रमुख होते. प्रतिष्ठानाची बाकीची मदत नियम, समित्या आणि उपसमित्या यांच्या चाळणीतून जायची. पण एक अनुदान संस्थापकांनी वेगळं काढून ठेवलं होतं. ते कोणाला द्यायचं हे विभागप्रमुखाने स्वतःच्या विवेकाने ठरवायचं. अट एवढीच, की नातेवाइकाला द्यायचं नाही. दर वर्षी एकालाच होकार आणि बाकी सगळ्यांना नकार. होकार पत्राने जाई. नकार मात्र साहेब समोर बसवून, स्वतः चहा पुढे करून, आवाज खाली आणून देत. तो इतका हळुवार असे, की माणसं जाताना त्यांचे आभार मानत आणि रस्त्यावर पोचल्यावर त्यांच्या लक्षात येई की आपल्याला काहीच मिळालेलं नाही. कचेरीत त्यांना नन्नासाहेब म्हणत. साहेबांना ते ठाऊक होतं आणि थोडंसं आवडतही होतं.

यंदा त्यांचा निर्णय झाला होता. कृत्रिम पाय दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराला कार्यशाळा वाढवायची होती, त्याला अनुदान द्यायचं. उरलेल्यांपैकी दोघांना आज बोलावलेलं होतं, तीही लांबून येणारी माणसं. आणि आजच नेमकी दाढ ठणकली.

दवाखान्याबाहेर मेहुणा गाडी घेऊन उभा होता. मेहुण्याला जुनी कुलपं जमवायचा नाद होता. घरात पाय ठेवायला जागा उरली नव्हती आणि त्या अडगळीचं संग्रहालय करावं असं त्याच्या मनात फार दिवस होतं. साहेब हा विषय निघाला की अंघोळीला जात. आज अंघोळीची सोय नव्हती.

"भावोजी, तुम्ही अजिबात बोलू नका," गाडी सुरू करत मेहुणा म्हणाला. "मी बोलतो, तुम्ही फक्त ऐका. त्या तुमच्या निधीत कुलपांसाठी काही आहे का?"

"आही!"

गाडी कडेला थांबली. "आहे?"

"आ... ही!"

मेहुण्याचे डोळे भरून आले. साहेबांनी घाईघाईने हात हलवला.

"आभार मानायचे नाहीत? बरं, नाही मानत. घरच्या माणसाचे कसले आभार!"

साहेबांनी खिशातला कागद काढला आणि त्यावर ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'नाही.'

"बोलता येत नाही, माहितीये मला," मेहुणा मायेने म्हणाला. "मग कशाला बोलताय? गप्प बसा." आणि त्याने बहिणीला फोन लावला. "ताई, झालं गं काम! भावोजींनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं!"

फोन साहेबांच्या कानाला लावण्यात आला. "अहो, ऐकलंत का?" पलीकडून बायको म्हणाली. "माझ्या माहेरच्यांची तुम्हाला किंमत नाही म्हणायचे मी. चुकलंच माझं." हा आवाज इतका मऊ होता, की फोन आपल्याच घरी लागलाय ना अशी साहेबांना शंका आली. खुलासा करायला त्यांच्याकडे ना अक्षर होतं ना धीर.

कचेरीत शिरताच त्यांनी सहायिकेच्या टेबलावरची चिठ्ठी ओढली आणि लिहिलं, 'सर्वांना नाही सांगा.' काम तिच्यावर सोपवून ते आत जाऊन खुर्चीत कोसळले.

सहायिकेने चिठ्ठी वाचली. सर्वांना नाही सांगा. म्हणजे काहींनाच सांगायचं. पण काय सांगायचं? तेवढ्यात साहेबांना आधार देत आलेला मेहुणा तिच्या कानाशी लागला, "मला अनुदान मिळालंय, बोलू नका कुणाला." सहायिकेच्या डोक्यात प्रकाश पडला. हे गुपित आहे! तिने चिठ्ठी पर्समध्ये टाकली आणि भेटायला आलेल्यांना एक अक्षरही न सांगता एकेक करून आत पाठवलं.

पहिल्या होत्या गाढवांच्या बाई. वीटभट्ट्यांवरून हाकलून दिलेली म्हातारी गाढवं त्या सांभाळत. बाईंनी चहाचा कप हाताने दूर सारला.

"साहेब, चहा नको. मी मनाची तयारी करून आलेय. एका शब्दात सांगा. आमच्या गाढवांसाठी तरतूद आहे की नाही?"

साहेबांनी डोळे मिटले, जबड्यात असेल नसेल तेवढा जोर गोळा केला आणि एका शब्दात सांगितलं.

बाईंनी टेबलाला वळसा घालून साहेबांचे दोन्ही हात धरले. "आहे? खरंच आहे? अहो, आता पत्र्याची शेड होईल हो त्यांना! एक बिचारी आंधळी आहे, सारखी भिंतीला धडकते." साहेब मान हलवणार होते, पण रक्ताची आठवण झाली. त्यांनी ती मध्येच थांबवली आणि ते बरोबर होकारासारखं दिसलं.

दुसरे एक निवृत्त मुख्याध्यापक होते. त्यांना जुन्या बसमध्ये फिरती प्रयोगशाळा करायची होती. त्यांनी साहेबांचा शब्द ऐकला, उठून उभे राहिले, चष्मा पुसला आणि शाळेत पाहुण्यांसाठी वाजवायला लावत तशा एकट्यानेच टाळ्या वाजवल्या.

जिन्यात दोघांची गाठ पडली. आधी दोघांनी एकमेकांचं तोंड भरून अभिनंदन केलं. मग अनुदान एकच असतं हे मुख्याध्यापकांना आठवलं.

"तुमचा काहीतरी गैरसमज झालाय, बाई."

"माझा? मला साहेबांनी हातात हात घेऊन सांगितलंय!"

"अहो, मी टाळ्या वाजवल्यात!"

आवाज इतका चढला की अध्यक्षबाई आपल्या दालनातून बाहेर आल्या. अध्यक्षबाई म्हणजे संस्थापकांच्या कन्या. त्या सगळा कारभार कागदावरून बघत. मदत मागायला आलेला माणूस त्यांनी आजवर जवळून पाहिला नव्हता. त्या थेट साहेबांच्या खोलीत शिरल्या आणि भांडणारे दोघे त्यांच्यामागून.

"तुम्ही या बाईंना होकार दिलात?"

"आही!"

"आणि या सरांना?"

"आही! आही!"

"वर तोंड करून सांगताय?"

"मलाही दिलाय," कोपऱ्यातून मेहुणा म्हणाला.

"हे कोण?"

"मी यांचा मेहुणा."

अध्यक्षबाईंनी खुर्चीचा आधार घेतला. तेवढ्यात सहायिका दारातून ओरडली, "मॅडम! थांबा, मॅडम! मला आत्ता कळलं! ते 'आहे' म्हणतच नाहीयेत. दाढ काढल्यामुळे त्यांचा 'न' गळतोय. 'आही' म्हणजे 'नाही'!"

साहेबांनी कृतज्ञतेने सहायिकेकडे बघितलं. गाढवांच्या बाई हळूच भिंतीलगतच्या बाकावर बसल्या.

"असं होय!" अध्यक्षबाई म्हणाल्या. "पण साहेब, असल्या अवस्थेत माणसं भेटायला बोलावता? तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"आही!" साहेब ठासून म्हणाले.

"नाही म्हणतायत," सहायिकेने तत्परतेने सांगितलं.

"ते दिसतंच आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या. "तुम्ही बसा. नकार मी देते. त्यात काय एवढं? दोन वाक्यांचं तर काम."

त्या दोघांना घेऊन त्या आपल्या दालनात गेल्या. दार लागलं. साहेब बाहेर बसून राहिले. नकार इतका वेळ चालत नाही हे त्यांना अनुभवाने माहीत होतं. त्यांनी दाराला कान लावायचा विचार केला, पण नेमका त्या बाजूचा कान सुजेने दुखायला लागला होता.

दार उघडलं. गाढवांच्या बाई आणि मुख्याध्यापक एकमेकांशी हसत बोलत खाली गेले. मागून अध्यक्षबाई आल्या. त्यांचे सगळे दात जागेवर होते, जीभही शाबूत होती. नाक मात्र लाल झालं होतं.

"सभागृहाचं नूतनीकरण यंदा नको," त्या सहायिकेला म्हणाल्या. "जुन्या खुर्च्या अजून चांगल्या आहेत. त्यातून या दोघांना काय देता येईल ते बघा. साहेबांचं ठरलंय ते ठरू द्या." मग त्या साहेबांसमोर बसल्या. "एक आंधळी आहे हो त्यातली. भिंतीला धडकते."

साहेबांनी मान डोलावली. या वेळी मुद्दाम.

"मी 'माफ करा' म्हणून सुरुवात केली, तर त्या बाईच मला म्हणाल्या, जाऊ द्या, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. पुढे मला बोलताच येईना. तुम्ही इतकी वर्षं हे कसं करता?" साहेबांनी सवयीने चहाचा कप त्यांच्यापुढे केला. "आजपासून होकारही तुम्हीच तोंडी द्यायचा," अध्यक्षबाई उठत म्हणाल्या. "तुम्हालाही जरा आनंदी माणसं दिसू देत."

मेहुण्याला मात्र त्यांनी उभ्याउभ्याच कटवलं. नातेवाइकाबद्दलचा नियम दाखवला आणि विषय मिटला. बायकोने या रागापोटी साहेबांना दोन दिवस दुधाशिवाय काही दिलं नाही. तसंही दुसरं काही चावता येत नव्हतं, त्यामुळे ही शिक्षा आहे हे साहेबांच्या लक्षातच आलं नाही. उलट ते तिला दर पेल्याला धन्यवाद देत राहिले आणि तिचा राग आणखी वाढत गेला.

सूज उतरली, 'न' परत आला, आणि कृत्रिम पायांचा कारागीर साहेबांसमोर येऊन बसला. कामाचे कपडे बदलून, केस ओले करून आला होता. साहेबांना घाम फुटला. होकार त्यांनी आजवर कोणालाच तोंडाने दिला नव्हता. त्यांनी आपल्याला जमत होतं तेच केलं. स्वतः उठून चहा पुढे केला. आवाज खाली आणला.

"तुमची कार्यशाळा मी स्वतः येऊन बघितली," ते म्हणाले. "फार मनापासून करता तुम्ही."

कारागिराचा चेहरा किंचित उतरला.

"इतक्या अडचणींत एवढं काम उभं करणं, खरंच, सोपं नाही."

कारागिराने कप खाली ठेवला.

"आम्ही सगळ्या अर्जांचा नीट विचार केला..."

"कळलं, साहेब." कारागीर उठला. "तुम्ही जातीने बोलावून सांगितलंत, हेच खूप झालं."

"नाही, नाही, तसं नाही!"

"नाही तर नाही. राग नाही माझा," कारागीर समजुतीने म्हणाला, नमस्कार केला आणि दार हळूच ओढून निघून गेला.

मग कचेरीतल्या लोकांनी कधी बघितलं नव्हतं ते बघितलं. नन्नासाहेब अर्जदाराच्या मागे धावत होते. एका जिन्यावर त्यांची चप्पल सुटली, ती तिथेच राहिली.

"हो!" ते कठड्यावरून खाली वाकून ओरडले. "अहो, हो! हो म्हणतोय मी!"

कारागीर खालच्या पायरीवर थबकला. साहेब धापा टाकत त्याच्यापर्यंत पोचले आणि मट्कन पायरीवरच बसले. कारागीरही शेजारी बसला.

"मिळालंय?"

"मिळालंय."

"मग वर तसं का नाही सांगितलंत?"

"तेच तर सांगत होतो," साहेब म्हणाले.

"छे हो," कारागीर डोळे पुसत म्हणाला. "तुम्ही इतकं गोड बोलायला लागलात, मी म्हटलं, गेलं आपलं काम."