गौरांगचं इंजिन

अधिक महिन्यात जावयाने सासुरवाडीला जावं, पोटभर जेवावं, वाण घ्यावं आणि कूलरसमोर आडवं व्हावं, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. उन्मेषने मात्र नागपूरला आल्याच्या दुसऱ्याच दिवशी, हातावरचं पाणी वाळायच्या आत, "मी जरा इतवारीच्या बाजारात जाऊन येतो," असं जाहीर केलं आणि प्रताप नगरातल्या त्या शांत घरात खळबळ उडाली. बाहेर पंचेचाळीस डिग्री ऊन होतं.

उन्मेष पुण्याला एका बँकेत शाखाधिकारी होता आणि त्याला मॉडेल ट्रेनचं वेड होतं. परगावी गेल्यावर लोक देवळं बघतात, साड्या घेतात. हा गृहस्थ छोट्या आगगाड्यांची दुकानं हुडकायचा. चेन्नईहून त्याने मालडबे आणले होते, कोलकात्याहून सिग्नल. घरच्या मागल्या खोलीतला पलंग हलवून तिथे रूळ टाकले होते. इतवारीत कुणी मारोतराव पितळेच्या पत्र्यातून वाफेची इंजिनं हाताने घडवतात, ही खबर त्याला त्याच्यासारख्याच वेड्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लागली होती. सासूबाईंना वाटत होतं जावई वाणाला आला. खरं तर तो इंजिनाला आला होता.

अडचण सासऱ्यांची होती. विश्वनाथराव कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले, आणि आपला जावई हा भारतातला सर्वांत गंभीर माणूस आहे अशी त्यांची ठाम समजूत होती. गुडघ्याचं ऑपरेशन असो की छतावरची टाकी, उन्मेषरावांना विचारल्याशिवाय त्या घरात पान हलत नसे. ही इभ्रत उन्मेषला फार प्यारी होती. बायकोनेही, म्हणजे गार्गीने, निघतानाच दम भरला होता की तुझ्या गाड्या माझ्या बाबांना कळता कामा नयेत.

तेव्हा इतवारीत काय आहे, या प्रश्नाला त्याने उत्तर दिलं की ऑफिसातल्या मित्राच्या मुलासाठी आगगाडी घ्यायची आहे. मुलगा पाच वर्षांचा, नाव गौरांग. नाव इतकं झटकन सुचलं याचं त्याचं त्यालाच कौतुक वाटलं.

"मग एकटे काहून जाता? मी येतो न," विश्वनाथराव उठलेच. "अधिकात जावयाला उन्हात एकटं सोडलं तर गल्लीतले लोक मला काय म्हणतील?"

त्यांनी जावयाच्या डोक्याला दुपट्टा गुंडाळला, ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा कोंबला आणि स्कूटर काढली. ती इतवारीला न जाता बर्डीच्या बाजारात त्यांच्या ओळखीच्या दुकानात गेली. दुकानदाराने एक प्लॅस्टिकची गाडी काउंटरवर सोडली. ती दिवे लावत, गाणं म्हणत पळाली. "याला पिस्टन रॉडच नाही," उन्मेष बोलून गेला.

"पाच वर्षांच्या पोराला पिस्टन रॉड समजते?" सासऱ्यांनी विचारलं.

उन्मेषने सावरून घेतलं की पाच म्हणजे शाळेत घातला तेव्हा, आता त्याला नववं लागलं आहे. पुढच्या दुकानात त्याने खिशातून पट्टी काढली आणि रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर नाही म्हणून गाडी परत केली. तोवर गौरांग बारा वर्षांचा झाला होता आणि विश्वनाथरावांना त्याच्याविषयी अतोनात आदर वाटू लागला होता. असं पोरगं आपल्या टर्बाइनवर असायला हवं होतं, त्याला फोन लावा, मी दोन शब्द बोलतो, असं ते धरून बसले.

उन्मेष घाबरला. गौरांग मामाकडे गेलाय, तिथे रेंज नाही, असं तो म्हणाला. मामा कुठला, असं सासऱ्यांनी विचारलं तेव्हा समोरून एक बस चालली होती. तिच्यावरची पाटी वाचून उन्मेष म्हणाला, "खाप्याचा."

"अरे, खापा तर इथंच आहे. गाडी घेऊ आणि नेऊनच देऊ न."

गौरांगला त्याच दुपारी तातडीने पुण्याला परत धाडून उन्मेषने तो घाट कसाबसा मोडला. एवढ्या धावपळीत त्याच्या खिशातला कांदा शिजत आला असावा. शेवटी सासऱ्यांची सगळी दुकानं संपली आणि स्कूटर इतवारीकडे वळली.

मारोतरावांची खोली भांड्यांच्या दुकानावर, अरुंद जिन्याने वर होती. घरचा हातमाग बंद पडल्यावर हात रिकामे राहवेनात म्हणून ते इंजिनं घडवू लागले होते. त्यांनी एका इंजिनावरचं फडकं बाजूला केलं आणि उन्मेष वाकून बघतच राहिला. चाकं, दांडे, धुराडं, कोळसा टाकायचं इवलंसं फावडं, काही म्हणता काही राहिलं नव्हतं.

"पॅक करा," विश्वनाथराव म्हणाले. "यांच्या मित्राच्या पोरासाठी आहे."

"मंग नाही भेटत," मारोतरावांनी फडकं पुन्हा टाकलं. "सहा महिने लागतात एकाले. पोट्टे दोन दिवसात चाकं काढून फेकतात. जो खुद खेळते, त्यालेच देतो मी."

सासऱ्यांनी ओळखी सांगितल्या, जावयाचा हुद्दा सांगितला, अधिक महिन्याचीही आठवण करून दिली. म्हातारा हलला नाही. त्याने उन्मेषकडे पाहिलं. "तुमी खेळता का गा?"

एका बाजूला लग्नापासूनच्या सात वर्षांत कमावलेली इभ्रत होती, दुसऱ्या बाजूला फडक्याखालचं इंजिन. उन्मेषने डोळे मिटले. "खेळतो. रोज संध्याकाळी बँकेतून आलो की फरशीवर पोटावर झोपतो, तोंडाने शिट्टी देतो आणि गाडी सोडतो. जेवायला हाक मारली तरी ऐकू येत नाही. गौरांग वगैरे कुणी नाही. हे मलाच पाहिजे." शेवटच्या वाक्याला त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

मारोतरावांनी इंजिन खोक्यात ठेवलं. विश्वनाथराव पुढे होऊन जिना उतरले. खाली आल्यावर उन्मेष माफी मागायला तोंड उघडणार, तोच त्यांनी त्याच्या पाठीवर सणसणीत थाप मारली.

"मानलं तुम्हाला, उन्मेषराव. पोटावर झोपतो म्हणे. अन डोळ्यांत पाणी कसं आणलं हो? म्हातारा साफ फसला."

उन्मेषने दोनदा सांगून पाहिलं की ते खरं होतं. दोन्ही वेळा सासरे इतके हसले की स्कूटरला किक बसेना.

दुसऱ्या दिवशी वाणाच्या जेवणाला पंचवीस माणसं होती. विश्वनाथरावांनी सगळा किस्सा रंगवून सांगितला आणि मग जावयाला आग्रह केला की तो डायलॉग एकदा म्हणून दाखवाच. उन्मेषने पाटावर बसल्या बसल्या, मान खाली घालून, आपलं सगळं खरं पुन्हा सांगितलं. लोक हसून लोळले. एका मावशींनी पुन्हा एकदा म्हणायला लावलं. परक्याच्या पोरासाठी माणूस किती करतो, असंही कुणी म्हणालं. गार्गी तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात पळाली.

सासूबाई सुहासिनीबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या तूप घेऊन वाकल्या आणि त्याच्या ताटात वाढता वाढता हळूच म्हणाल्या, "उन्मेषराव, त्या गौरांगला सांगा, पोटावर झोपताना खाली सतरंजी टाकत जा म्हणावं. फरशी बाधते."