शालनच्या आठवणीची साथ

मोरजगावात त्या श्रावणात शालन तोडकरच्या आठवणीची साथ आली. शालन वर्षापूर्वी वारली होती आणि तिच्या नवऱ्याखेरीज तिची आठवण काढणारं गावात कोणी नव्हतं. पण ती आठवण संसर्गजन्य निघाली. ज्यांनी तिला कधी पाहिलंही नव्हतं, त्यांचा जीव तिच्यासाठी तुटू लागला. बँकेत नव्याने बदलून आलेले साहेब काचेआडून म्हणाले, "शालन गोष्ट सांगायची ना, तर शेवट यायच्या आधी स्वतःच हसत सुटायची. एकाही गोष्टीचा शेवट ऐकायला मिळाला नाही हो." आणि त्यांनी डोळे पुसले.

साथ किती वेगाने पसरतेय ते काढायला जिल्हा आरोग्य कार्यालयाने डॉ. अनघा वैराट यांना पाठवलं. एक रोगी सरासरी किती जणांना लागण करतो, एवढंच शोधायचं होतं. आकडा एकाच्या वर असला की साथ वाढते, एकाच्या खाली गेला की विझते. अनघा मास्क लावून घरोघर हिंडल्या. आठवण सुरू होण्याआधी कोणाजवळ बसला होतात? नंतर कोणाशी बोललात?

"दळण घेऊन आलेल्या सगळ्या बायकांना माझ्याकडूनच लागली असणार," गिरणीवाल्या रुक्साना नदाफ म्हणाल्या. "पण मॅडम, एवढ्यात औषध नका देऊ. कुणाची तरी वाट बघण्यात दिवस बरा जातोय."

सुरुवातीला आकडा तीन होता. मग दोन झाला. आठवडाभरात आठवण आपोआप उतरायची आणि एकदा येऊन गेली की पुन्हा होत नसे. लागण व्हायला माणसंच उरेनात, तसा आकडा एकाच्या खाली आला.

"छान," वरिष्ठ फोनवर म्हणाले. "आवरा आणि या."

अनघा सामान भरत होत्या, तेवढ्यात आरोग्य उपकेंद्राच्या दारात शालनचे नवरे हणमंत तोडकर येऊन उभे राहिले. ते स्टोव्ह दुरुस्त करत. साथ त्यांच्यापासूनच सुरू झाली होती.

"मॅडम, मी बरा झालो."

"चांगलं झालं की."

"कसलं चांगलं? सकाळी तिच्या फोटोपुढं उभा राहिलो. ओळखीची बाई वाटली, बस. आत काही हललंच नाही." ते उंबऱ्यावर टेकले. "मला परत लागण करून द्या."

"एकदा झाल्यावर परत होत नाही, हणमंतराव."

"ते कळलं. वरच्या आळीत दोघांना अजून आहे म्हणून त्यांच्याजवळ जाऊन बसलो. ते रडले, मी नुसता बघत राहिलो. तुमचा आकडा शून्यावर आला, की ती कुणालाच आठवणार नाही?"

"हिशोबाने तसंच."

हणमंतरावांनी मान हलवली आणि ते निघून गेले. अनघांनी अर्धी भरलेली बॅग तशीच ठेवली. मग वरच्या आळीत गेल्या, त्या दोघांच्या मधे बसल्या आणि त्यांनी मास्क काढला.

सकाळी उठल्या त्या शालनची आठवण काढतच. त्यांनी कार्यालयात फोन लावला.

"साहेब, आकडा एकावर धरून ठेवावा लागेल. मी आठवड्यात बरी होईन. त्याआधी लागण न झालेला एक माणूस पाठवा. पुढच्या आठवड्यात दुसरा."

"असं किती दिवस?"

"ही व्यवस्था कायमची करावी लागेल."

साहेबांनी यादी चाळली. "भांडारातले कारकून गुरव मोकळे आहेत. सोमवारी पाठवतो."

अनघा हणमंतरावांच्या दुकानात गेल्या आणि समोरच्या स्टुलावर बसल्या.

"तुम्ही स्टोव्ह पेटवून बघायचात," त्या म्हणाल्या, "तेव्हा शालन आतून ओरडायची, 'भुवया सांभाळा!'"

"हो का?" हणमंतरावांनी हातातला पंप खाली ठेवला. "मग?"

अनघांनी डोळे पुसले. "मग तुम्ही मुद्दाम आणखी पुढं वाकायचात. ती धावत येऊन तुमची कॉलर धरून मागं ओढायची. तिचे हात पिठाचे असायचे."

हणमंतरावांनी मानेमागे हात नेला, कॉलर चाचपली.

"सांगा," ते म्हणाले. "अजून सांगा."