नकाशावरची लाल रेघ

आमच्या गल्लीच्या टोकाले देवराव राह्यतात. घरातून निघाले की आधी आंगणात हात वर करून उभे. हातात एक डबी. नवा माणूस समजते, सूर्याची पूजा चालू हाय. कोणी बोललं तर म्हणतात, "सॅटेलाइट धरून राह्यलो, मधात बोलू नका." ते धरलं की मगच पाऊल उचलणार, मंग भाजीले का जायचं असेना.

ती डबी म्हणजे जीपीएस. त्यायची बायको जाऊन लय वर्षं झाली. मलाजखंडच्या खाणीतून रिटायर झाले तवा पोरीनं दिली. माणूस जिथून चालला तिथली रेघ डबीत उतरते. घरी येऊन वायर कॉम्प्युटरले जोडली की नकाशावर लाल दिसते. मंग आम्हाले बोलावणं, मी किरनापुरले गेलतो ते पाहा म्हणून. अरे, गेलते ते मले माहीत हाय, पाहू काय? पण पाहाच लागते. एकदा त्यायची रेघ तलावाच्या मधातून गेली. मी म्हटलं, पँट तर कोरडी हाय. तर म्हणतात, नकाशा बरोबर हाय, तलाव सरकला असंन.

एका संक्रांतीले नवीनच खूळ. हळदीकुंकवाच्या दिवशी बायका किती फिरतात ते पाहाचं. डबी दिली माह्या बायकोजवळ, कमलजवळ. म्हणे, वहिनी, पिशवीत वरच ठेवा, वाणाखाली दाबू नका. संध्याकाळी रेघ पाह्यली तर उसवलेल्या स्वेटरवानी, या दारातून त्या दारात. आम्ही पोट धरून हासलो. कमल माह्याकडे बोट करून म्हणाली, "आधी यायच्या पानठेल्याची रेघ काढा."

त्याच उन्हाळ्यात कमल गेली. अचानकच.

परवा ऐकलं, देवरावचा कॉम्प्युटर बिघडला, मेकॅनिकनं समदं पुसलं. मी चपला न घालताच पळत गेलो. दारातूनच इचारलं, तिची रेघ गेली काय?

त्यायनं पडद्याकडे बोट दाखवलं. होती. मेकॅनिक म्हणे, थोडंसंच वाचंन, काय ठेवू सांगा. देवरावनं मलाजखंड जाऊ दिलं, किरनापूर जाऊ दिलं.

जवळून पाह्यलं. रेघ फिरता फिरता मधातच सुटून गल्लीच्या टोकाले गेली होती, याच दारापर्यंत. मंग परत फिरून उरलेल्या घरी. हासण्याच्या नादात तवा दिसलीच नव्हती. मी म्हटलं, इथं काहून?

"बिनबाईच्या घरी त्या दिवशी कोण येते, भाऊ? वहिनी येत. दरवर्षी. तिळगूळ देऊन जात."

मले हे माहीतच नव्हतं. म्हटलं, उठा, धरा तुमचं सॅटेलाइट.

आंगणात दोघंही हात वर करून उभे राह्यलो. गल्ली पाहून हासत होती, हासू दे. माह्या घरापासून निघालो, तिच्याच रेघेनं, दारोदार. मी तर पोरावानी पुढं पुढं. मधात देवरावच्या दाराले वळलो, परतलो. घामाघूम होऊन वायर जोडली.

दोन रेघा दिसल्या. आमची तिच्यावर बसलीच नाई, जराशी सरकून, समदीकडे संगच.

"थोडा फरक राह्यतेच मशीनीत," देवराव ओशाळून म्हणाले.

म्हटलं, राहू द्या. ती बाजूनंच चालत होती.