इथून काय दिसतं?

आमच्या गावच्या सरकारी दवाखान्यात इंदू सिस्टरला मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ती बायांना तपासायच्या टेबलावर उताणी पडलेली होती. चपला खाली नीट लावलेल्या, चष्मा डोळ्यांवर, हात पोटावर, नजर छपराकडे. दारात गर्दी दिसली म्हणून मी समोरच्या पारावरून उठून गेलो होतो. एका बाईनं घाबरून विचारलं, "बाईले घेरी उनी काय?" तर टेबलावरूनच उत्तर आलं, "नाही. इथून पाल दिसते."

मग तिनं मान वळवली. "आणि खिडकीतून रस्ता दिसतो. म्हणजे रस्त्यावरच्यालाही मी दिसते."

आमच्या दवाखान्याच्या नर्स शकुंतलाबाई हातात झाडू घेऊन उभ्याच राहिल्या. इतकी वर्षं त्या टेबलाशी उभ्या राहून त्यांनी बाया तपासल्या. टेबलावर पडून काय दिसतं ते बघायचं त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी खिडकीला जुन्या लुगड्याचा पडदा लागला. पाल मात्र राहिली.

आमचं गाव धरणगावच्या पुढं आडवाटेला. डॉक्टर कागदावर होता, गावात नव्हता. ताप, जुलाब, बाळंतपण, सगळं शकुंतलाबाईच बघायच्या. असे दवाखाने आपल्याकडं पुष्कळ. जिथं नर्सच सगळं चालवते तिथं माणसाला नीट बघतात की नाही, याचा अभ्यास करायला ही इंदू सिस्टर धुळ्याच्या नर्सिंग कॉलेजातून आली होती. रविवारी सकाळी टीव्हीपायी रस्ते ओस पडायचे, त्या वर्षांतली ही गोष्ट.

दिसायला बाई बरी नव्हती. खोटं कशाला सांगू. उंच, वाळकी, पांढऱ्या साडीत सरळ उभी राहिली की शेतातलं बुजगावणं वाटायची. वय चाळिशीच्या पुढं. गळ्यात काही नाही, कपाळावर बारीक टिकली. शकुंतलाबाईंच्याच खोलीत उतरली होती.

आधी तिनं रीतसर विचारपूस केली. घरोघर जायची, विचारायची, दवाखान्यात कसं वाटतं? सगळ्यांचं एकच, बठ्ठं चांगलं शे, म्हणजे सगळं चांगलं. नर्सबाई देवमाणूस शे. आता गावात राहायचं, उद्या पोराला ताप आला तर त्याच बाईच्या दारात जायचं, वाईट कोण बोलेल? पण सिस्टरला चांगलं ऐकलं की राग यायचा. कपाळाला आठी घालून म्हणायची, "चांगलं घेऊन काय करू मी? खायचंय का मला?" किराणावाल्या मारवाडी शेठनं तर दवाखाना एकदम फस्क्लास म्हणून सांगितलं, वर चहा मागवला. तिनं विचारलं, कधी गेला होता? शेठ म्हणाला, गेलो नाही कधी, आमच्या घरचं सगळं जळगावला खाजगीत. ही चहा न पिता उठली.

तेव्हापासून तिनं विचारणं सोडलं आणि पडून बघणं धरलं. रांगेत बायांच्या मधे पदर घेऊन बसायची, नंबर येईपर्यंत. तापाचं औषध स्वतः पिऊन बघितलं आणि दिवसभर तोंड वाकडं करून फिरली. शकुंतलाबाईंना खोड होती, आधी तोंडात थर्मामीटर घालायचा आणि मग विचारायचं, काय होतंय? माणूस "अं अं" करायचा. त्या म्हणायच्या, बरं, पुढचा. सिस्टरनं स्वतःच्या तोंडात थर्मामीटर घातला, समोर शकुंतलाबाईंना बसवलं आणि हातवारे करून सांगायला लागली की माझं पोट दुखतंय. रांगेतल्या बाया हसून हसून लोळल्या. शकुंतलाबाईही हसल्या, पण कान लाल झाले होते त्यांचे.

एकदा पोटाला ज्वारीची पिशवी बांधून पायऱ्या चढली. अर्ध्यात थांबली, भिंतीला हात लावून धापा टाकत म्हणाली, "इथं धरायला काही नाही."

कुठंही गेली तरी तिचं एकच. इथून काय दिसतं? पोरांनी नावच पाडलं होतं, दिसतं-बाई.

मी हसलो नाही. त्या सालात मला हसू येत नव्हतं. माझी बायको मथुरा जाऊन वर्ष झालं नव्हतं.

मथुराला लकवा मारला होता. उजवं अंग गेलं, वाचा गेली. मान तेवढी डावीकडं वळायची, उजवीकडं नाही. पाठीला जखमा झाल्या, त्या धुवायला शकुंतलाबाई घरी यायच्या. काम नीट करायच्या, त्यात मी खोट काढत नाही. पण एक दिवस मी दळण आणायला गेलो आणि परत येऊन बघतो तर बाज फिरवलेली. मथुराचं डोकं उत्तरेला, पाय दक्षिणेला. आपल्यात मेलेल्या माणसाला तसं ठेवतात. जित्या माणसाचे पाय यमाच्या दिशेला करून ती बाई निघून गेली होती, मला न विचारता, न सांगता. मी परत फिरवायला गेलो तर मथुरानं बाजेची काठी डाव्या हातानं धरून ठेवली, सोडीना. मला वाटलं भ्याली. ओढाओढ नको म्हणून राहू दिलं. तोपर्यंत ती दिवसभर कण्हायची. त्या दिवसापासून कण्हणं थांबलं. मी समजलो, दिवस भरत आले. आणि भरलेच. महिना गेला नाही.

शकुंतलाबाईंशी मी बोलणं टाकलं. पारावर सगळ्यांसमोर सांगितलं, हिची बदली करवल्याशिवाय राहणार नाही, जळगावला मोठ्या साहेबापर्यंत जाईन. लोक म्हणाले, आबा, जाऊ द्या. मी म्हटलं, तुमचं कोणी गेलं नाही.

हे कोणीतरी सिस्टरच्या कानावर घातलं. ती भर उन्हात माझ्या ओट्यावर आली. चेहरा असा, जसं काही लग्नाचं आवतण मिळालं.

"आबा, तुमची तक्रार आहे म्हणे?"

"आहे."

"देव पावला," म्हणाली आणि खाली बसली. "सांगा. काही राखू नका."

मी सांगितलं. राखलं काही नाही. शकुंतलाबाईंना शिव्या दिल्या त्याही ऐकून घेतल्या. मध्ये एकदाही त्यांची बाजू घेतली नाही. सगळं झाल्यावर म्हणाली, बाज कुठं आहे?

बाज भिंतीला उभी करून ठेवली होती. अंथरूण रिवाजाप्रमाणं गावाबाहेर टाकलं, बाज टाकवली नाही. तिनं सांगितलं, होती तिथं टाका. मी टाकली. आधी जशी होती तशी, डोकं दक्षिणेला. ती चपला काढून पडली, उजवा हात मेल्यासारखा टाकला आणि मान डावीकडं वळवली.

"इथून भिंत दिसते," म्हणाली. "पोपडे निघालेत."

बराच वेळ ती त्या पोपड्यांकडं बघत होती. मग उठून म्हणाली, आता फिरवा.

मी म्हटलं, जितं माणूस तसं झोपवणार नाही मी माझ्या घरात.

"आबा, मला न्यायला यमाला धुळ्याहून यावं लागेल. त्याला एसटी मिळायची नाही. फिरवा."

नाइलाजानं फिरवली. ती डोकं उत्तरेला करून पडली, मान तशीच डावीकडं. मी वाट बघत होतो, आता सांगेल काय दिसतं ते. बोलेना. मीच विचारलं, "काय दिसतं?"

"दार दिसतं. दारातून ओटा. ओट्याचा खांब." चष्मा नीट केला. "खांबावर डोक्याच्या तेलाचा डाग आहे. तिथं कोण बसायचं?"

ती जागा माझी. कापसाच्या जिनिंगमधली नोकरी सुटल्यापासून मी त्याच खांबाला टेकून बसायचो. दोरी वळायची, तंबाखू मळायची, रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारायची. मथुरा आजारी पडल्यावरही दिवसभर तिथंच. घरात बसून तिच्याकडं बघवत नव्हतं.

"मी," म्हटलं.

बाहेर शेळी ओरडत होती.

मग मी म्हटलं, तक्रार खोडून टाका.

"नाही," ती झोपल्या झोपल्याच म्हणाली. "बाज फिरवली ते बरोबर. तुम्हाला न सांगता फिरवली ते चूक. अर्धी तक्रार खरी आहे, ती मी ठेवणार. शकुंतलाबाईंनाही सांगणार."

"बदली होईल त्यांची?"

"सांगायला शिकतील. बदली कशाला?"

मला बरं वाटलं की वाईट, सांगता येत नाही. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, एवढ्या गावाच्या बाजांवर पडून बघता, तुमच्या स्वतःच्या बाजेवरून काय दिसतं?

तोंडावर उत्तर देणारी बाई. पण या वेळी तिनं आधी नजर छपराकडं नेली.

"भिंत," म्हणाली. "धुळ्याला खोली आहे माझी. एकटीचीच. हलवून बघितली खाट. चारी बाजूंनी भिंतच दिसते. दारातून दिसेल असं कोणी नको का बसलेलं?"

चष्मा काढून तिनं पोटावर ठेवला. चष्म्याशिवाय ती वेगळीच दिसत होती, दमलेली. म्हणाली, "आबा, थोडी पडू का अशीच? जन्म गेला दुसऱ्यांच्या खाटांशी उभं राहून."

पडा म्हटलं. चहा ठेवायला आत गेलो. दूध नव्हतं, कोराच केला. घेऊन आलो तर झोप लागलेली, तोंड दाराकडं. चहा झाकून ठेवला.

मथुरा गेल्यापासून मी त्या खांबाशी बसलो नव्हतो. दिवस पारावर काढायचो. त्या दुपारी गेलो, माझ्या जागेवर, तेलाच्या डागाला डोकं टेकून बसलो. रस्त्यानं एकजण जात होता, त्यानं हटकलं, आबा, आज पारावर नाही? मी बोटानं गप्प राहा म्हणून खूण केली.

उन्हं उतरली. ती जागी होईपर्यंत मी तिथून हललो नाही.