गुरुवारची आगाऊ नोंद

"वही? अगं, वही म्हणजे माझ्या हातचा मळ आहे!" असं तो बायकोला म्हणाला, तेव्हा रविवारची दुपार होती. जेवणाच्या टेबलावर त्यानं दोन पेनं, एक पट्टी आणि पुढच्या दोन आठवड्यांचं आयुष्य मांडून ठेवलं होतं.

हा माणूस अठरा वर्षं बिस्किटांच्या कारखान्यात नियोजन खात्यात होता. येत्या मंगळवारी किती मैदा लागणार हे त्याला गेल्या मंगळवारीच ठाऊक असायचं. चाळिशीला आल्यावर त्याला देवाची हाक ऐकू आली, निदान त्याला तरी तसं वाटलं, आणि नोकरी सोडून तो चर्चचा पाळक व्हायचं शिक्षण घ्यायला लागला. शेवटचे तीन महिने इस्पितळात काढायचे होते. छातीवर 'शिकाऊ पाळक' असा बिल्ला लावून रुग्णांशी बोलायचं, त्यांच्यासाठी प्रार्थना करायची, आणि रोज वहीत त्या दिवसातल्या तीन गोष्टींबद्दल देवाचे आभार लिहायचे. वॉर्डात सगळे त्याला नुसतं 'शिकाऊ' म्हणत. वही प्राचार्यबाई स्वतः तपासत. वहीत नापास तो शिक्षणात नापास! शिकाऊ गेल्या वर्षी एकदा आपटलेलाच होता. या खेपेला आपटला असता तर देव सोडा, बिस्किटवाल्यांनीही परत घेतलं नसतं.

"दिवस उगवायच्या आधीच त्याचे आभार?" बायकोनं विचारलं. "देवाला कळवलंय का तुम्ही?"

"देवाला सगळं आधीच ठाऊक असतं."

"त्याला असतं हो. तुम्हाला कुठे असतं?"

शिकाऊनं तिकडे दुर्लक्ष केलं. गेल्या वेळी प्राचार्यबाईंनी शेरा मारला होता: 'ऊन आणि चहा फार. माणसं कुठे आहेत? मरण कुठे आहे?' म्हणून या वेळी त्यानं माणसं घातली. बुधवारी खाट चारला बरं करून घरी पाठवलं. गुरुवारी एक मरण ठेवलं. कोणाचं ठेवावं? खाट नऊची फाइल वॉर्डात सगळ्यात जाड होती. झालं! त्यानं झोकदार अक्षरात लिहिलं: 'खाट नऊचे काका आज दुपारी तीन वाजता शांतपणे प्रभूकडे गेले. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. त्यांच्या सहवासाबद्दल, देवा, तुझे आभार.' लिहिता लिहिता त्याचे स्वतःचेच डोळे पाणावले. नाहीच गेले काका तर पान फाडू, असा त्याचा हिशेब होता. पानांवर छापील क्रमांक होते हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

खाट नऊवर होते एक निवृत्त प्रूफरीडर. पस्तीस वर्षं छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेलेली! समोर अक्षर दिसलं की ते वाचल्याशिवाय त्यांना राहवत नसे. औषधाच्या बाटलीवरचा कागद वाचत, चादरीवरचा शिक्का वाचत. 'आग लागल्यास काय करावे' ही भिंतीवरची पाटीसुद्धा त्यांनी लाल पेन्सिलीनं दुरुस्त केली होती. वॉर्ड त्यांना प्रूफकाका म्हणे. सोमवारी शिकाऊ त्यांच्याजवळ जाऊन बसला आणि वही त्यांच्या कपाटावर ठेवली. तेवढ्यात सिस्टर ओरडली, "ओ शिकाऊ, जरा स्ट्रेचर धरा!" तो गेला. दहा मिनिटांनी परत आला.

"बसा," प्रूफकाका म्हणाले. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात लाल पेन्सिल आणि मांडीवर वही! "सतरा चुका आहेत. 'कृतज्ञता' तुम्ही तीन प्रकारांनी लिहिलीय. ते असो. हे गुरुवारचं काय आहे?"

शिकाऊनं वही घ्यायला हात पुढे केला.

"काका, ते तसं नाही..."

"तसं म्हणजे कसं? वार आहे, तारीख आहे, खाट आहे, वेळसुद्धा आहे! डॉक्टर तीन आठवडे नुसतं 'बघू, बघू' करतायत. इथे लेखी आहे. तुम्हाला कोणी सांगितलं?"

खरं सांगायची वेळ हीच होती. पण खरं सिस्टरच्या कानावर गेलं असतं आणि सिस्टरकडून प्राचार्यबाईंच्या. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, तशी शिकाऊची प्रार्थनेपर्यंत!

"प्रार्थनेत सुचलं," तो म्हणाला.

प्रूफकाकांनी चष्मा काढला. "मी देव मानत नाही. पण लेखी मजकूर मानतो. आयुष्यभर त्यावरच पोट भरलंय." मग त्यांनी वही उशीखाली सरकवली. "ही राहू दे माझ्याकडे. शुक्रवारपर्यंत तपासून देतो." थोडा विचार करून म्हणाले, "नाही, गुरुवारी तीनच्या आत देतो."

मंगळवारी सकाळपासून आभाळ फाटलं होतं, बस आलीच नाही, आणि शिकाऊ चिंब भिजून वॉर्डात पोचला तर काकू, म्हणजे प्रूफकाकांच्या पत्नी, दाराशी उभ्या राहून रडत होत्या.

"खरं सांगा, डॉक्टर काय लपवतायत?"

"का हो काकू, काय झालं?"

"मी डबा उघडला तर हे म्हणाले, 'फार आभारी आहे.' एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा! भाजी खारट होती तरी! माणूस असा उगाच गोड बोलेल का?"

काका तेवढ्यावर थांबले नव्हते. लादी पुसणाऱ्या बाईला त्यांनी "छान पुसता हो तुम्ही," असं सांगितलं. ती बादली तिथेच टाकून, आपल्याला कामावरून काढताहेत का, हे विचारायला सिस्टरकडे पळाली. खाट आठच्या रेडिओवरून त्यांचं तीन आठवडे भांडण चाललं होतं. त्यालाही ते म्हणाले, "तुमच्या रेडिओमुळे वेळ बरा गेला." आठ नंबरनं घाबरून रेडिओच बंद केला! आणि मग खरी बातमी फुटली: शिकाऊच्या वहीत सगळ्यांचं लिहिलंय!

खाट चारवरचा ट्रक ड्रायव्हर प्लॅस्टरमधला पाय खाली सोडून बॅग भरायला लागला. "उद्या मी घरी जाणार! वहीत आहे!"

"वही काय सांगते मला!" सिस्टर कडाडली. "हाड दोन ठिकाणी मोडलंय तुमचं!"

खाट सहावरचे निवृत्त मास्तर वेगळ्याच कारणानं फुगून बसले. "माझं काहीच नाही? दोन आठवड्यांत एकदाही नाही? मी काय इथे पाहुणा म्हणून आलोय?"

बुधवारी डॉक्टरांनी शिकाऊला लिफ्टपाशी गाठलं.

"नऊ नंबरला तुम्ही सांगितलंत?"

"मी... म्हणजे... ते डॉक्टर..."

"फार चांगलं केलंत!" डॉक्टरांनी त्याचा हात हातात घेतला. "आठवडा जाईल. फार तर दहा दिवस. मी रोज ठरवतो, आज सांगायचं. आणि रोज नाडी बघून परत येतो. मला जमलं नाही ते तुम्ही केलंत. आभारी आहे."

लिफ्ट आली आणि डॉक्टर गेले. शिकाऊ तिथेच उभा राहिला. खोटं बोलून पकडलं जायची भीती त्याला होती, पण त्याचं खोटं जवळजवळ खरंच निघालं होतं! आता 'मी थाप मारली' म्हणावं तर काका समजणार आपण ठणठणीत आहोत. न म्हणावं तर तो माणूस उद्या तीन वाजायची वाट बघत पडून राहणार. इकडे आड, तिकडे विहीर! आणि दोन्ही त्यानंच खणलेली. त्या दिवशी तो काकांच्या खाटेजवळ फिरकलाच नाही.

गुरुवारी प्रूफकाकांनी दाढी केली, धुतलेला सदरा घातला आणि हात छातीवर ठेवून ते सरळ पडून राहिले. काकू ठेवणीतल्या कपड्यांत. चार नंबर कुबड्यांवर, आठ नंबर, सहाचे मास्तर, लादीवाली बाई पोछ्याला टेकून, सगळे खाटेभोवती. दारावरच्या घड्याळाकडे सगळ्यांचं लक्ष. वही काकांच्या उशाशी होती.

शिकाऊनं डोळे मिटले. प्रार्थना कशी करायची हे त्याला चांगलं येत होतं; सुरुवात, मध्य, शेवट सगळं ठरलेलं असायचं. आज त्यातलं काही आठवेना. 'देवा, आज नको,' एवढंच तो मनात म्हणत राहिला. 'मी लिहिलं म्हणून नको. आज नको.'

तीन वाजले. तीन दहा झाले.

"घड्याळ पुढे आहे," मास्तर कुजबुजले.

"मागे आहे," चार नंबर म्हणाला.

तीन पंचविसाला काकांनी एक डोळा उघडला. "शिकाऊ, मजकूर चुकला की मी?"

"मजकूर चुकला, काका." शिकाऊनं वहीकडे बोट दाखवलं. "रविवारी घरी बसून लिहिला. दोन आठवड्यांचा एकदम. प्रार्थनेत काही सुचलं नव्हतं. तुमची फाइल जाड होती म्हणून तुम्हाला घातलं."

मग प्रूफकाका ताडकन उठून बसले.

"नालायक माणसा! म्हणजे मी या आठ नंबरचे आभार फुकट मानले?"

आठ नंबरनं तत्क्षणी रेडिओ लावला. मोठ्यानं!

"आणि माझे?" काकू म्हणाल्या. "माझे मानलेत तेही परत घेणार असाल तर आत्ताच सांगा. मी डबा उचलून घरी जाते."

काकांनी चादरीवरचा शिक्का पुन्हा वाचून काढला. "ते राहू दे," ते म्हणाले. "ते बरोबर होतं."

माणसं पांगल्यावर त्यांनी शिकाऊला जवळ बोलावलं. "पण डॉक्टरांचं काय म्हणणं आहे? आता तरी खरं बोल."

"आठवडा, काका. फार तर दहा दिवस."

काकांनी मान हलवली. "तारीख नाही ना दिली?"

"नाही."

"मग ठीक आहे. उद्या नऊला ये. उरलेली पानं आज तपासून ठेवतो. नवी मी सांगेन तशी लिही. झालेलं लिहायचं, होणारं नाही."

जिना उतरताना शिकाऊला जाणवलं की आपण देवाचे आभार मानतोय. नालायक म्हणून शिवी खाल्ली, ती देणारा माणूस जिवंत होता, त्याबद्दल! महिन्याभरात पहिल्यांदाच त्याला ते मनापासून वाटलं होतं. पण गुरुवारचं पान तर भरलेलं होतं.

शुक्रवारी अकरा वाजता प्राचार्यबाईंनी बोलावलं होतं. त्यांच्यापुढे सगळं कबूल करायचं असं शिकाऊनं ठरवलं. आणि ठरवलं म्हणजे तयारी आलीच! साडेआठला तो इस्पितळाच्या तळमजल्यावरच्या कॅन्टीनमध्ये कबुलीजबाब लिहायला बसला. पहिला मसुदा रडका झाला, दुसरा उद्धट झाला. तिसरा उत्तम जमला. घड्याळात बघितलं तर नऊ चाळीस!

वर खाट नऊभोवती पडदा ओढलेला होता. बाहेर स्टुलावर काकू बसल्या होत्या. मांडीवर डबा, डब्यावर वही.

"नऊ वीसला गेले," त्या म्हणाल्या. "दाराकडे बघत होते. 'शिकाऊ आला नाही अजून,' असं दोनदा म्हणाले."

शिकाऊनं विचारलं, "शांतपणे गेले?"

"कसले शांतपणे! चहात साखर नाही म्हणून सिस्टरशी भांडत होते. भांडण अर्धंच राहिलं."

शिकाऊ तिथेच जमिनीवर बसला आणि ढसाढसा रडला. सांत्वन करायचं शिक्षण त्यानं घेतलं होतं आणि पाठीवर हात काकू फिरवत होत्या!

अकरा वाजता प्राचार्यबाईंनी वही चाळली. शिकाऊचा उत्तम मसुदा खिशातच राहिला. पानापानावर लाल खुणा होत्या. गुरुवारच्या पानावर 'शांतपणे' या शब्दाभोवती गोल होता, आणि समासात, छापखान्यातून लेखकाला शंका विचारतात तशी, बारीक अक्षरात एक ओळ होती. बाईंनी ती मोठ्यानं वाचली.

"'लेखक हजर होता काय?'" त्यांनी वर बघितलं. "होतात का?"

"नाही, बाई. काका आज सकाळी गेले."

"कुठे होतात?"

"खाली कॅन्टीनमध्ये. तुम्हाला माफीचं पत्र लिहीत होतो."

बाईंनी वही मिटून त्याच्याकडे सरकवली. "नवी आणा. नव्वद दिवस पुन्हा. आजपासून."

दुपारी तो परत गेला तेव्हा काकू कागदपत्रांसाठी बाकावर एकट्याच थांबल्या होत्या. तो शेजारी बसला. त्या म्हणाल्या, "एक विचारू का? मंगळवारी हे मला जे म्हणाले, ते तुम्ही वहीत लिहिलं असेल ना?"

शिकाऊनं मंगळवार उघडला. 'आजचं स्वच्छ ऊन, वेळेवर आलेली बस आणि कॅन्टीनमधला गरम चहा, याबद्दल, देवा, तुझे आभार.' पान खालपर्यंत भरलेलं. त्यानं वही आडवी धरली आणि लाल खुणांच्या कडेनं समासात, मिळाली तेवढ्या जागेत लिहिलं: 'प्रूफकाका आज काकूंना आभारी आहे म्हणाले.' वही त्यांच्या हातात दिली.

काकूंनी पिशवीतून काकांचा चष्मा काढला, डोळ्यांना लावला आणि ओळ दोनदा वाचली.

"'फार' राहिलं," त्या म्हणाल्या. "'फार आभारी आहे,' असं म्हणाले होते. आणि भाजी खारट होती, तेही घाला."