एन्करेज करणाऱ्यांचा जाहीर सत्कार

दुसऱ्याला हिंमत देणं हे कोणत्याही समाजात मेहनतीचं काम असतं. मराठीत तर फारच. धीर द्यायचा तर शेजारी जाऊन बसावं लागतं. आधार द्यायचा तर खांदा लागतो. पाठीशी उभं राहायचं तर निदान उभं तरी राहावं लागतं (ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना हे कळेल). या गैरसोयी पाहता ‘एन्करेज करणे’ हे क्रियापद उशिरा का होईना आपल्याकडे आलं, ही समाधानाची बाब आहे. ते सोफ्यावर, पाय वर घेऊन, चहा पिता पिता करता येतं.

तनुजाच्या घरी ते शेंद्र्याच्या एमआयडीसीतून आलं. तिचे यजमान सुदर्शन तिथल्या एका कारखान्यात सुपरवायझर. कारखान्याने त्यांना दिवसभर बसवून शिकवलं, की यापुढे हुकूम सोडायचा नाही, एन्करेज करायचं. दुसऱ्याच दिवशी फळ्यावर सूचना लागली : ‘कामगारांना रविवारी कामावर येण्यासाठी एन्करेज करण्यात येत आहे.’ (जे एन्करेज होणार नाहीत त्यांनी सोमवारी साहेबांना भेटावं, असंही खाली होतं.)

संध्याकाळी सुदर्शनने घरी प्रयोग केला. “तनू, मी तुला भजी करायला एन्करेज करतो.”

भजी झाली.

“सूनबाई, दुसरा घाणा काढायला म्या बी करतो,” सासरे नानासाहेब टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले.

दुसरा घाणाही झाला. क्रियापद चालतं, याबद्दल घरात शंका उरली नाही.

आता तनुजाचं. तनुजाचं माहेर अजिंठ्याचं. आई साळूबाई तिथं एकटी राहते, थोडी ज्वारी करते. जानेवारीत हुरडा धरला की तिचा फोन येतो, “कधी येतीस गं?” आणि तनुजा म्हणते, “बघते, कुणी गाडी काढली की.” गाडी खाली पार्किंगमध्ये कव्हर घालून बसलेली असते. ती काढायची सुदर्शनने. सुदर्शनला सुट्टी मिळेपर्यंत हुरड्याची ज्वारी होते. हुरड्याला थांबायला एन्करेज करता येत नाही, ही या क्रियापदाची एक मर्यादा मान्य करायला हवी.

यंदा साळूबाईने डिसेंबर लागताच विचारलं, “गाडी दारात हाय ना? मंग?”

या ‘मंग?’चं उत्तर शोधता शोधता तनुजाच्या तोंडून निघून गेलं, “आई, यंदा मीच गाडी घेऊन येते.” साळूबाईने फोन ठेवला आणि अख्ख्या गल्लीला सांगितलं. आता माघार नव्हती.

घरात ही बातमी अत्यंत उदारपणे स्वीकारली गेली. “शीक की! माझं फुल एन्करेजमेंट आहे,” सुदर्शन म्हणाला. चावी मात्र त्याच्याच खिशात राहिली. चावी हा एन्करेजमेंटचा भाग नाही, तो विषय वेगळा, हे त्याने समजावून सांगितलं. “आपल्या गाडीवर नको शिकू. गिअरबॉक्स नाजूक आहे तिचा.”

म्हणून तनुजा टीव्ही सेंटर चौकाजवळच्या कृष्णा मास्तरांच्या क्लासला जाऊ लागली. भल्या पहाटे डबे करायचे, मग क्लास, मग उरलेला स्वयंपाक. (डब्यांच्या बाबतीत तिला कुणी डिस्करेज केलं नाही.) एन्करेज करायला नानासाहेब मागच्या सीटवर बसू लागले. शेंद्र्याची जमीन कारखान्यांत गेल्यापासून त्यांच्याकडे वेळ होता.

“घाबरू नको, सूनबाई!” ते दर चौकात ओरडत. “ट्रक आला तरी घाबरू नको! आला बघ! लई मोठा हाय, पर घाबरू नको!”

“चचा, आप जरा गप बैठो,” कृष्णा मास्तर म्हणत. “ताई, क्लच आहिस्ता. ट्रकवाल्यालाही घरी जायचंय.”

सोसायटीच्या ग्रुपवर बातमी गेली तेव्हा जवळपास प्रत्येक घरातून अंगठा आला. काहींनी फुलं पाठवली, एकाने उगवता सूर्य. ‘नानांचा सकाळचा चहा मी देत जाईन’ असा मदतीचा निरोप फक्त एक आला, आणि तो दुसऱ्या नानांसाठी होता, चुकून या ग्रुपवर पडला होता.

एवढा उत्साह वाया जाऊ नये, असं महिला मंडळाच्या अध्यक्षा शैलाताईंना वाटलं. त्यांची विचारसरणी सरळ होती. जी शिकते तिला गाडी येते. जो एन्करेज करतो त्याला काय मिळतं? काहीच नाही. हा अन्याय दूर करण्यासाठी ‘प्रोत्साहक पती गौरव सोहळा’ ठरला. पहिले मानकरी सुदर्शन. शाल, श्रीफळ, फेटा. शुक्रवारी सकाळी अकराला. ज्या सुदर्शनला अजिंठ्याला जायला रजा मिळत नव्हती, त्याला स्वतःच्या सत्कारासाठी ती तत्काळ मिळाली.

तनुजाकडे फक्त दोन कामं होती : ‘माझ्या यशामागचा हात’ या विषयावर भाषण, आणि सगळ्यांसाठी उपमा.

“ताई, पण शुक्रवारी अकरालाच माझी आरटीओत टेस्ट आहे,” तनुजा म्हणाली. “ती चुकली तर पुढची तारीख फेब्रुवारीतली.”

“अगं, परीक्षा परत देता येते,” शैलाताई मायेने म्हणाल्या. “सत्कार परत होतो का?”

“पण मी अजून पासच झालेली नाही. यश कुठंय?”

“ते आम्ही गृहीत धरलंय.”

तनुजा घरी आली. गुरुवारी तिने रवा भाजून ठेवला. शुक्रवारी नवी साडी नेसली, नानासाहेबांना चहा दिला आणि भाजलेला रवा ओट्यावर तसाच ठेवून कृष्णा मास्तरांच्या गाडीत जाऊन बसली.

सव्वाअकराला सुदर्शनचा फोन आला. मागे माइक तपासल्याचे आवाज येत होते. “अगं, कुठं आहेस? फेटा बांधून झालाय माझा! उपम्याचं काय?”

“रवा भाजलेला आहे. तुम्ही फोडणी टाका,” तनुजा म्हणाली. मागून हॉर्न वाजला, पुढून इन्स्पेक्टरने हात केला. “अहो, मी एन्करेज करते ना तुम्हाला,” ती म्हणाली आणि फोन बंद करून तिने पहिला गिअर टाकला.

सोहळा उत्तम झाला. सुदर्शन अर्धा तास बोलला, शेवटी भावुकही झाला. उपम्याची जबाबदारी घेण्यासाठी उपस्थितांनी एकमेकांना बराच वेळ एन्करेज केलं आणि मग बिस्किटं खाल्ली. तनुजा पास झाली. चढावर गाडी थोडी मागे आली, पण इन्स्पेक्टर तेव्हा शिंकत होते.

लायसन्स मोबाइलवर आलं त्या रविवारी तिने सुदर्शनपुढे हात केला. “चावी.”

सुदर्शन खिडकीतून बाहेर बघू लागला. वाटेतल्या चौक्याच्या घाटाबद्दल बोलला. गिअरबॉक्सबद्दल बोलला. शेवटी नानासाहेबांनीच टीव्ही बंद केला (ही घटना घरात अजून सांगितली जाते). “दे की लेका,” ते म्हणाले. “शाल घेतलीस ना?”

कव्हर निघालं. पुढे एन्करेज करणारा नवरा, मागे नानासाहेब आणि शैलाताई (“हुरडा काय, मी तुझ्यासाठी येतेय गं”), अशी गाडी घाट ओलांडून, फुलंब्री, सिल्लोड करत दुपारी अजिंठ्याच्या गल्लीत शिरली. वाटेत बंद पडली, चालू झाली. ट्रक आले, घाबरायचं नाही हे प्रत्येक ट्रकला मागून कळवण्यात आलं.

गल्लीने सुदर्शनला उतरवून घेतलं, टोपी घातली, उपरणं दिलं. “जावईबापू, बाईमाणसाला एवढं शिकवलं, लई मोठं मन बघा!” सुदर्शनने नम्रपणे मान लववली. सवय झाली होती.

तनुजा अजून गाडी वळवत होती. साळूबाई पाण्याचा तांब्या घेऊन तिच्या खिडकीशी आली.

“कुणी काढली गाडी?”

“मी.”

“बरं. हात धू. हुरड्याची आगटी पेटलीय.”

एवढंच. या संपूर्ण प्रकरणात साळूबाईने कुणालाही एन्करेज केल्याची नोंद नाही, त्यामुळे तिचा सत्कार होऊ शकला नाही.

वाचकहो, इथपर्यंत येताना आपणही तनुजाला मनातून एन्करेज केलंच असेल. बसल्या जागीच, पण केलंत. आपलीही शाल तयार आहे. ती खांद्यावर घालण्यापूर्वी मंडळाचा एकच प्रश्न असतो : आपल्या घरातल्या गाडीची चावी या क्षणी कुणाच्या खिशात आहे?

सावकाश चाचपून बघा. फोडणी कुणीतरी टाकतंच आहे.